भोंगा जागा होईपर्यंत

माझी बायको गेली आणि तिचं काम माझ्याकडे आलं.

आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. कंपनी पुण्यात, आम्ही सातपुड्याच्या पायथ्याला ब्राह्मणपुरी गावात, घराच्या माडीवरच्या खोलीत. टेबलं दोन, पंखा एक. कंपनी लहान आहे. जिथे वीज धड नसते अशा पाड्यांसाठी सौर भोंगे बनवते. एक पेटी असते, तिच्यात बॅटरी आणि छोटा बोर्ड, आणि झाडाला नाहीतर खांबाला बांधलेला भोंगा. बटण दाबायचं आणि माइकमध्ये बोलायचं. लस टोचणारी बाई आली, रेशन आलं, कोणाचा बैल सापडला, असं सगळं लोक त्यातून सांगतात.

बोर्डावर नखाएवढी एक चिप असते. ती बारीक आवाज मोठा करते. बॅटरी वाचावी म्हणून काम नसेल तेव्हा ती झोपते. बटण दाबलं की तिला उठवायचं, नीट जागं होऊ द्यायचं आणि मग तिचं तोंड उघडायचं. हे कोणत्या क्रमाने करायचं ते सांगणारा कोड असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो ड्रायव्हर माझ्या बायकोने लिहिला होता. मी पेटीच्या चार्जिंगचं बघायचो. ती गेल्यावर तिच्या फायली माझ्या नावावर झाल्या. त्यांत कोणी बदल सुचवला, म्हणजे पॅच पाठवला, तर तो ओळ न् ओळ वाचून हो किंवा नाही म्हणायचं, हे माझं काम. त्याला आमच्यात रिव्ह्यू म्हणतात.

हिवाळाभर कोणी काही पाठवलं नाही. तरी मी त्या फायली उघडून बसायचो. ती लहान लहान नावं द्यायची आणि एक काम संपलं की एक ओळ कोरी सोडायची. त्या कोऱ्या ओळीपाशी आलं की मला वाटायचं, आता ही पाणी प्यायला उठेल. शेजारची खुर्ची मी हलवली नव्हती.

चैत्रात जागृतीचा पॅच आला. जागृती पुण्याच्या ऑफिसात नवीन लागलेली मुलगी आहे, हुशार आहे. नवे बोर्ड येणार होते, त्यासाठी ती जुना ड्रायव्हर साफ करत होती. जुन्या पेट्यांतही पुढे तोच जाणार होता. बाकीचे बदल किरकोळ होते. एका ठिकाणी मात्र तिने एक आकडा बदलला होता. चिप जागी झाल्यावर आठशे मिलिसेकंद थांब, मग आवाज सोड, अशी ती ओळ होती. चिप बनवणाऱ्यांचं माहितीपत्रक सांगतं, दहा पुरे.

जागृतीने खाली लिहिलं होतं, "एवढं थांबण्याचं कारण कुठेच लिहिलेलं नाही. यात माणसाचा पहिला शब्द गिळला जातो, त्याच्या तक्रारी आहेत. दहा केले."

तिचं बरोबर होतं. आठशे म्हणजे जवळजवळ एक सेकंद. तेवढा वेळ चिपचं तोंड बंद असतं, आणि तेवढ्यात माणूस जे बोलेल ते कुठेच जात नाही.

मी हो म्हणायला हवं होतं. बोट बटणावर नेलं आणि परत आणलं. बाकीच्या ओळी माहितीपत्रक समोर ठेवून कोणीही लिहिल्या असत्या. हा एक आकडा त्या पत्रकात नव्हता. हा माझ्या बायकोच्या डोक्यातून आलेला होता. तो काढला तर ड्रायव्हर चालणार होता, कदाचित जास्त चांगला चालणार होता. पण मग त्यात ती कुठे राहिली असती, ते मला दिसत नव्हतं.

मी नुसतं "बघतो" लिहिलं.

दोनेक दिवसांनी जागृतीचा फोन आला.

"सर, एक बोलू का? रागावू नका. मी त्या ओळीचा इतिहास बघितला. ती मोहिनी मॅडमनी लिहिलीय. मला खरंच माहीत नव्हतं. राहू देऊ का तशीच?"

"कोणी लिहिली ते बघायचं नाही, जागृती. कशासाठी लिहिली ते बघायचं."

"मग कशासाठी आहे?"

"ते मला माहीत नाही."

तिने हळूच विचारलं, "म्हणजे काढायची?"

"थोडं थांब."

"सर, तुम्ही पण आठशे थांबायला लागलात." आणि लगेच म्हणाली, "सॉरी सर, तोंडातून गेलं."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

"अक्षय्य तृतीया झाली की नवे बोर्ड बाहेर पडतील," ती म्हणाली. "त्याआधी सांगा."

"आमच्याकडे तिला आखाजी म्हणतात," मी म्हणालो. "सांगतो."

आखाजीचं आईच्याही मनात होतं. माझी आई पार्वतीबाई खाली ओसरीवर गहू निवडत बसली होती. जेवायला उतरलो तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं.

"कुंभार उना व्हता रे. घागरी ली ठेव्यात. औंदा एक जास्ती."

"जास्ती काब्र?" मी कारण विचारलं, आणि विचारता विचारताच कळलं.

"तिन्ही," आई म्हणाली. म्हणजे तिची, माझ्या बायकोची.

आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसांसाठी मातीची घागर भरतात. सकाळी उंबरठा धुऊन घरातला मोठा पुरुष त्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवतो. एका बोटाला एका पितराचं नाव. नाव मोठ्याने घ्यायचं असतं, म्हणजे त्या माणसाला कळतं की हे घर आपलं, इथे पाणी भरलेलं आहे.

"बोट तुलेच लावनं पडी," आई म्हणाली. "नाव लीसन लावनं पडस."

"माले माहीत शे."

"माहीत शे, पन बोलशी का? लगीनमा पोरीसनी दार अडाई धरं व्हतं, नाव ले म्हने, मंग सोडतस. तू भितडानामायेक मुका. मंग त्या बिचारीनीच तुन्हं नाव दोनदाव लिधं, तवय दार उघडनं."

ते खरं होतं, भिंतीसारखा मुका उभा होतो. आणि नंतरही तसंच राहिलं. आमच्या गावात नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही. आई तिला धुळावाली म्हणायची, कारण तिचं माहेर धुळ्याचं. मी "ऐक ना" म्हणायचो. माडीवर आम्ही दोघंच असलो तरी "ऐक ना", पुण्याला गेलो तरी "ऐक ना". तिला ती आपल्या नावासारखी हाक झाली होती. भर बाजारात मी "ऐक ना" म्हटलं तरी तीच वळायची.

जेवून मी वर आलो. दुपार होती. बाहेर उन्हात काही हलत नव्हतं, कडुनिंबाखाली बैलाच्या घंटीचा मधूनच आवाज येत होता. पॅच पडद्यावर उघडा होता. मी मागे टेकलो आणि डोळा लागला.

ती शेजारच्या खुर्चीत होती. पाठमोरी नव्हती, माझ्याकडेच तोंड होतं. उन्हाने लाल झालेलं तोंड. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता. कसलाच आवाज नव्हता. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, ओठ हलले, आणि मला ऐकू आलं ते अर्ध्यापासून. "...म्हणून थांबले," असं ती म्हणाली. मी म्हटलं, पहिल्यापासून सांग. ती हसली आणि परत बोलली, आणि परत पुढचं गेलं. "...म्हणून थांबले." मी खुर्ची जवळ ओढायला हात पुढे केला, तर हाताला खुर्ची लागली आणि मी जागा झालो.

खुर्ची उन्हाने कोमट झाली होती.

ते लाल तोंड मी आधी पाहिलं होतं. पहिल्या खेपेचे भोंगे बसवायचे होते तेव्हा ती म्हसावदवरून घाट चढून वरच्या पाड्यावर गेली होती. संध्याकाळी आली ती अशीच, रापलेली, ओढणीच्या टोकात चारोळ्या बांधून. जेवताना म्हणाली, "आज मला शेळ्यांनी पास केलं." एवढं बोलून हसली आणि ताटावरच पेंगायला लागली. मला वाटलं, थकून काहीतरी बोलतेय.

मी त्या ओळीची तारीख काढून बघितली. आदल्या दिवशीपर्यंत तिथे दहाच होते. त्या दिवशी आठशे झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप पाठीला लावून मोटरसायकल काढली.

म्हसावद मागे पडलं की ऊस संपतो. मग हवा बदलते. सातपुड्याच्या उतारावर मोहाची फुलं गळून गेली होती आणि तांबूस कोवळी पानं आली होती. त्या पानांतून येणारा उजेडही तांबूस होता. वळणावर वळणं येत होती, आणि मला वाटत होतं की मी वर चढत नाही, मागे जातो आहे. पुढच्या वळणाला ती चारोळ्या घेऊन उतरताना भेटेल.

पाड्यावर दलसिंग पावरा भोंग्याचं बघतो. पेटी त्याच्याच ओसरीवर आहे. भोंगा दारासमोरच्या मोहाला बांधलेला, खाली सावलीत शेळ्या बसलेल्या. मी कंपनीचं नाव सांगितलं तशी त्याने खाट झटकली.

"मॅडम नाय आली?" त्याने विचारलं.

मी उत्तर देईपर्यंत तोच बोलत राहिला. "मॅडमला सांगा, भोंगा एकदम चांगला चालतो. मागं उंदराने वायर खाल्ली होती, ती मीच जोडली. मॅडमने शिकवलं होतं. तुम्ही कोण मॅडमचे? साहेब?"

"नवरा."

"अरे!" तो मोठ्याने हसला आणि आत कोणाला तरी त्यांच्या पावरी बोलीत ओरडून सांगितलं. एक म्हातारी बाहेर आली, त्याची काकू तुळशीबाई. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काहीतरी म्हणाली.

"काकू बोलते, हाच का तो 'ऐक ना'."

या ओसरीवर ती अजून होती. तिच्या गोष्टी इथे चालू होत्या. मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि ती इथे तशीच राहिली असती. पण ते बरोबर नव्हतं.

"ती गेली, दलसिंगभाऊ," मी म्हणालो. "गेल्या भादव्यात. ताप डोक्यात गेला. फार दिवस नाही पडली."

दलसिंग खाली बसला. त्याने तुळशीबाईला सांगितलं. तिने माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसून राहिली. एक शेळी येऊन माझ्या बॅगेचा पट्टा चघळायला लागली, तिला कोणी हाकललंही नाही.

मग खालच्या वाटेने एक पोरगी आली आणि अंगणवाडीची बाई पोचल्याचं सांगून गेली. दलसिंग उठला. "हे सांगावं लागेल," असं माझी परवानगी घेतल्यासारखं म्हणाला. त्याने माइक तोंडाजवळ धरला, बटण दाबलं. पेटीवरचा दिवा लागला. त्याचे ओठ हलले. भोंगा गप्पच होता. मग एकदम मोहावरून त्याचा मोठा आवाज सुरू झाला, पावरीत, आणि समोरच्या डोंगरावरून परत येऊ लागला.

मी ओसरीवर त्याच्या अगदी जवळ बसलो होतो. भोंगा गप्प असताना तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं होतं. तो म्हणाला होता, "मोहिनी."

त्याचं सांगून झालं. मी विचारलं, "आधी काय बोललास?"

तो ओशाळला. "सवय आहे, साहेब. भोंगा उठेपर्यंत पहिला शब्द खातो. मॅडमने सांगितलं होतं, पहिला शब्द फुकटचा बोला, मग कामाचं बोला. आम्ही विचारलं, फुकटचा कोणता? तर हसली. बोलली, माझं नाव घ्या. माझ्या घरी कोणी घेत नाही. सासू गावावरून बोलते, नवरा 'ऐक ना' बोलतो. तुमी घ्या. मशीन खाऊन टाकेल, कोणाला कळणार पण नाय."

"मग सगळेच घेतात?"

"जो बटण दाबेल तो घेतो. पोरं पण घेतात. त्यांना वाटतं मोहिनी बोलल्याशिवाय भोंगा उठत नाय."

मी पाणी प्यायलो. मग ज्यासाठी आलो होतो ते विचारलं. "पण तो शब्द खातो का? तिने तसं का केलं, काही बोलली होती?"

"शेळ्यांमुळे," दलसिंग म्हणाला, जसं काही हे सगळ्यांनाच माहीत असतं.

नवा भोंगा बसवला तेव्हा बटण दाबलं की 'फाट्' असा आवाज व्हायचा. बंदुकीसारखा. शेळ्या उधळायच्या, झोळीतली पोरं दचकून उठायची. मॅडमने मोहाखाली बसून दिवसभर बटण दाबलं. कॉम्प्युटरवर काहीतरी करायची आणि दाबायची. आवाज बारीक झाला, तरी शेळ्या मान वर करून बघायच्या. माणसाला ऐकू येईनासा झाला तरी शेळ्यांना यायचा. शेवटी दाबलं आणि एकाही शेळीने मान वर केली नाही. तेव्हा उठली.

"काकूने तिला विचारलं, झालं का? तर बोलली, मी पास झाले."

मी पेटी उघडली. पहिल्या खेपेचा बोर्ड होता. त्यावर चिपच्या अलीकडे दोन जाड कपॅसिटर होते, नव्या बोर्डांवर असतात त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे. तेव्हा बाजारात जे मिळाले ते बसवले असणार. कपॅसिटर घागरीसारखा असतो, भरायला वेळ लागतो. तो भरण्याआधी चिपने तोंड उघडलं की सगळा झटका भोंग्यातून बाहेर येतो. दहा मिलिसेकंदांत ही घागर भरत नाही. आठशेत भरते. एवढंच होतं.

कारण मिळालं होतं. पण नुसतं ऐकून रिव्ह्यू करत नाहीत. मी लॅपटॉप जोडला आणि जागृतीचा बदललेला ड्रायव्हर पेटीत घातला.

"आता बोल," मी दलसिंगला म्हणालो. "नेहमी बोलतोस तसं. काकूंना सांग, आवाज होईल."

त्याने बटण दाबलं.

फाट् झालं. शेळ्या एका झटक्यात उठून ओढ्याकडे पळाल्या, मागच्या घरात पोर रडायला लागलं. आणि त्याच क्षणी, दलसिंगच्या आवाजात, मोहावरून आलं, "मोहिनी."

समोरच्या डोंगराने ते घेतलं. मग त्याच्या मागच्याने. खाली ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बायका ताठ उभ्या राहिल्या. शेतातल्या माणसाने डोळ्यांवर हात आडवा धरून वर पाहिलं. नाव त्या तांबूस पानांवरून लांब लांब जात राहिलं, ओळखू येईनासं झालं तरी जात होतं. दलसिंग माइक धरून तसाच उभा होता. त्यालाही ते नाव भोंग्यातून पहिल्यांदाच ऐकू येत होतं.

मी डोळे मिटले. मला ते पुन्हा ऐकायचं होतं.

येताना मी मनात धरून आलो होतो की ती ओळ राहावी. आता मला वाटत होतं की ती जावी. जागृतीला हो म्हटलं की झालं. वरच्या सगळ्या पाड्यांवर, जिथे जिथे तिने पेटी लावली आणि हे शिकवलं, तिथे सकाळ संध्याकाळ तिचं नाव डोंगरावर जाईल. तक्रार कोणी करणार नाही. तक्रारी तर शब्द गिळतो म्हणून होत्या.

"असंच ठेवा ना, साहेब," दलसिंग म्हणाला. "शेळ्यांना सवय होईल."

तुळशीबाई ओढ्याकडे निघाली होती. ती तिथूनच काहीतरी फणकारली.

"काय म्हणते?"

दलसिंगने मान खाजवली. "बोलते, सवय तुला होईल, गोळा मला कराव्या लागतात. आणि बोलते..."

"सांग."

"बोलते, त्या पोरीने माझ्या शेळ्यांसाठी दिवसभर ऊन खाल्लं. तिचं काम तिच्याच नावाने मोडता का."

मागच्या घरातलं पोर अजून रडत होतं. त्याची आई त्याला खांद्यावर घेऊन अंगणात आली होती आणि भोंग्याकडे रागाने बघत होती. मी लॅपटॉप जवळ ओढला आणि पेटीत जुना ड्रायव्हर परत घातला.

शेळ्या परत आल्यावर दलसिंगने पुन्हा बटण दाबलं. त्याचे ओठ हलले. भोंगा गप्प राहिला. मग त्याने घसा खाकरून पावरीत सांगितलं की मघाशी काही झालं नाही, घाबरू नका. शेळ्या रवंथ करत होत्या. एकीनेही मान वर केली नाही. मी सगळ्यांकडे नीट बघितलं.

निघताना त्याने विचारलं, "आता ती नाय. नाव घ्यायचं, की दुसरं काही बोलायचं?"

"तेच घ्या," मी म्हणालो.

घरी येऊन मी रिव्ह्यू लिहिला. पॅच आहे तसा मान्य नाही. थांबण्याचा वेळ ड्रायव्हरमध्ये सगळ्यांसाठी एक ठेवू नये, बोर्डाप्रमाणे वेगळा ठेवावा. नव्या बोर्डांना दहा. पहिल्या खेपेच्या बोर्डांवर कपॅसिटर मोठे आहेत, त्यांना आठशे. कारण सोबत लिहावं.

जागृतीने त्याच दुपारी नवा पॅच केला आणि फोन केला.

"सर, झालं. ड्रायव्हरमधून ती ओळ काढली आणि जुन्या बोर्डाच्या फायलीत आकडा टाकला. फक्त आठशेच का, ते काय लिहू? सातशे का नाही?"

"लिही की एवढं थांबलं म्हणजे शेळ्या मान वर करत नाहीत."

"सर?"

"खरंच सांगतोय. मी तपासून आलोय."

"मॅडमनी असं...?" ती म्हणाली, आणि पुढचं तिने विचारलं नाही. पॅचमध्ये तिने ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मी ओळ न् ओळ वाचली. आता त्या ओळीच्या इतिहासात वर जागृतीचं नाव दिसत होतं, माझ्या बायकोचं खाली गेलं होतं. बरोबर होतं ते. मी हो म्हटलं.

मग आखाजी आली. गावात माहेरवाशिणी आल्या होत्या, सकाळपासूनच झोके बांधले होते आणि गाणी चालू होती. आईने उंबरठा धुतला. घागरी मांडल्या, त्यांच्यावर लहान मडकी, त्यांवर खरबूज, आंबा आणि सांजोरी. नव्या घागरीच्या अंगातून पाणी पाझरून ती काळपट लाल झाली होती. मी कुंकू कालवून उंबरठ्यापाशी बसलो. वडिलांचं नाव घेतलं, बोट उमटवलं. आजोबांचं घेतलं. आजीचं घेतलं.

मग बोट कुंकवात बुडवलं आणि थांबलो.

आई शेजारी उभी होती. बोटावरून कुंकू ओघळायला लागलं. मी तोंड उघडलं, आवाज आला नाही. पुन्हा उघडलं, तरी नाही. बाहेर झोक्याचा दोर कुरकुरत होता. वरच्या पाड्यावर आखाजी असो नसो, या वेळी कोणीतरी बटण दाबतच असेल, दिवा लागला असेल.

पहिला शब्द फुकटचा.

"ऐक ना," मी म्हणालो.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी एक श्वास घेतला.

"मोहिनी," मी म्हणालो, आणि बोट उंबरठ्यावर टेकवलं.

ते घरात सगळीकडे ऐकू आलं. माडीवरही गेलं असेल.

आई पदर खोचत चुलीकडे वळली. "बोलना रे बापा एकदाना," ती म्हणाली. "तवय लगीनमा बोलता ते दार तरी लवकर उघडतं."